तीन नंबरचा पाइप

ती. बाबांना, दुरूनच पाया पडतो.

तुमचं पत्र आलं. तुमच्या जावईबापूंनी पाठवलेल्या तंबाखूचं दीड पान कौतुक वाचलं. माझ्या डब्याबद्दल मात्र चारच शब्द: "तुझाही डबा मिळाला आहे." त्या 'ही'मुळे दोन दिवस घास गोड लागला नाही.

अहो, मी तंबाखूच्याच दुकानात पानं मिसळतो! तुमच्या डब्यातलं मिश्रण मी स्वतःच्या हाताने केलं होतं. जावईबापूंनी तर जन्मात पाइपला तोंड लावलेलं नाही. दिसला तो डबा उचलला असेल. नशीब काढलंय माणसाने.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे? दिवसाला एकच पाइप ओढता ना?

शेवटी काल त्यांनी पाठवला तसाच डबा मीही विकत आणला. म्हटलं, सोक्षमोक्षच लावू. आमच्याकडे चव घेणाऱ्याला तंबाखूचं नाव सांगत नाहीत, पाइपला नुसता नंबर असतो. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने चार पाइप भरून दिले: एकात माझी तंबाखू, एकात त्यांची, उरलेल्या दोनांत दुसऱ्याच. प्रत्येकाचे तीन झुरके घ्यायचे, पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर एक ओळ लिहायची.

माझी तंबाखू चार नंबरच्या पाइपात निघाली. तिच्यापुढे मी लिहिलं होतं: "गोडवा जास्त, नुसता दिखावा."

जावईबापूंची तीन नंबरच्या पाइपात होती. तिच्यापुढे माझ्याच अक्षरात होतं: "ही बाबांना आवडेल."

ताईला यातलं काही कळू देऊ नका. आईला नमस्कार.

तुमचा'ही',
धाकटा