मयुराचं मिरचीचं झाड

धरमपेठ, नागपूर

प्रिय मयुरा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडता बाजूला ठेवलंस, तरी मी समजून घेईन. पण बातमी चांगली आहे. तुझी मिरची तगली.

हरितगृहात चुरडा-मुरडा झालेल्या साठ झाडांत एकाच झाडाची पानं सपाट राहिली होती, आठवतं? विषाणू त्याच्यातही सापडला होता. लेबल चुकलं असेल, फेकून दे, असं मी म्हटलं. एरवी प्रयोगशाळेत जपून बोलणारी तू, त्या दिवशी घरच्या बोलीत म्हणालीस, "मले हे झाड फेकवत नाही, ताई."

मग सहा महिने तू त्या एका झाडामागे होतीस. त्याच्यात एक मायक्रोआरएनए भरपूर निघाला. सावनेरहून तुझे बाबा, ताराचंदजी, आले तेव्हा तू त्यांना समजावलंस, की हे इवलेसे तुकडे एरवी झाडाच्याच जनुकांना आवर घालतात. पण हा तुकडा विषाणूच्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि तो निरोप कापला जातो. बाबा म्हणाले, "म्हणजे झाड त्याची चिठ्ठीच फाडून टाकते." वीस वर्षं शिकवूनही मला ते इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

पुढे विभागाच्या बैठकीत, तुझ्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली, असं मी सांगितलं. तू वाद घातला नाहीस. कागद गोळा केलेस, त्या झाडाच्या बियांचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवलंस आणि सावनेरच्या कॉलेजात शिकवायला गेलीस.

यंदा माझ्या नव्या विद्यार्थ्याने, ऋषीने, ते बी पेरलं. चाळीस रोपांवर विषाणू वाहणाऱ्या पांढऱ्या माश्या सोडल्या. लागण सगळ्यांना झाली, पानं चुरडली फक्त तीन रोपांची. उरलेल्यांपैकी काहींत आम्ही तोच मायक्रोआरएनए दाबून टाकला, तर त्यांचीही नवी पानं चुरडूनच आली. ऋषी तुझ्या वह्या वाचताना पानापानावर थांबतो. मीही थांबते. इतक्या सचोटीने लिहिलेल्या नोंदी मी माझ्याही वहीत पाहिल्या नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. त्या बैठकीच्या आधी मी एकटीने तुझे नमुने पुन्हा तपासले होते. आकडे तुझेच आले होते. दहा वर्षं मी जे मांडत आले, त्याच्या ते विरुद्ध जात होते, म्हणून मी खोटं बोलले. सोमवारी त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, मी हे कबूल केलं. सोबत शोधनिबंधाचा मसुदा आहे. पहिलं नाव तुझं आहे. माझं ठेवायचं की खोडायचं, ते तू ठरव.

तुझीच,
इंदुताई