वाद कागदावर, ताप अंगात

६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले. स्तनातली गाठ काढल्यानंतरची केमो तू निमूटपणे घेते आहेस, हे वाचून बरे वाटले. तिच्या जोडीला आठवड्यातून दोनदा बांडगुळाच्या अर्काचे इंजेक्शन स्वतःच्या हाताने पोटाला टोचतेस, ही बातमी मात्र तू गॅलरीतल्या कुंड्या आणि गळका नळ यांच्या मधे दडपलीस. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या बहिणीपासून असे काही दडपता येत नाही.

वाद घालायचा तो कागदावर, तोंडाने नाही, हा बाबांचा नियम आपण दोघींनी साठीनंतरही पाळला आहे. म्हणून फोनवर मी हा विषय काढणार नाही. इथे काढते.

ऐतखाऊ पाहुण्याला आपण ज्या नावाने हिणवतो, त्याच वनस्पतीला तू घरात घेतलेस, यावर मी हसणार नाही. तुझ्या पत्रात तीन विधाने एकात एक गुंतली आहेत, ती सोडवते. या अर्काने थकवा कमी होतो, झोप लागते, हे पहिले. तसे सांगणारे काही अभ्यास आहेत. ते फार भक्कम नाहीत, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत. त्याने आयुष्य वाढते, हे दुसरे. ते सिद्ध झालेले नाही. त्याने कॅन्सर बरा होतो, हे तिसरे. तसे तू म्हटलेले नाहीस, पण तुझ्या अक्षराला उत्साह चढला की मला धास्ती वाटते.

घेऊ नकोस, असे मी म्हणत नाही. एवढेच विचारते, की इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक आहे का? उत्तर हो किंवा नाही, एका शब्दात दे.

मेहुण्यांना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
अक्का

१२ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नाही.

एका शब्दात दिले. आता बाकीचे ऐक. पुस्तकबांधणीच्या कामाला मी पुन्हा बसू लागले आहे. केमोने बोटांची टोके बधिर झाली आहेत, त्यामुळे सुईत दोरा हे ओवून देतात आणि उपकार केल्यासारखा चेहरा करतात. पुस्तक शिवण्याच्या माझ्या सुईपुढे इंजेक्शनची सुई म्हणजे पोरखेळ आहे. टोचले की पोटावर लाल चकंदळ उठते, खाजते, मग जाते. पण अक्का, मी झोपते. कितीतरी दिवसांनी गाढ झोपते. काल तर अख्खा शब्दकोश शिकंज्यात घालून, पेच आवळून दाबला आणि थकवा आला नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितले नाही, कारण त्या थांबवतील. गाठ कधी काढायची, कोणते औषध, किती, केस कधी जाणार, हे सगळे इतरांनी ठरवले आणि मी मान डोलावली. एवढी एक गोष्ट मी ठरवली आहे. ती हातातून गेली, तर मी माझ्याच आजारात पाहुणी होईन. आता यातले विधान कितवे, ते तू मोज.

अर्क देणारे डॉक्टर सज्जन आहेत. इस्पितळात कळवा, असे त्यांनीही बजावले होते. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. कधी थोडा ताप येतो, तो शरीर जागे झाल्याची खूण असते, असेही ते म्हणाले. मी त्या खुणेची वाट पाहते आहे.

लोभ आहेच, उपदेशात बुडवू नकोस.

तुझी,
भिंगरी

१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पाहुणी होण्याविषयीचे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. त्याला माझ्याजवळ खंडन नाही.

तापाविषयी मात्र आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेततो, आणि त्याची पहिली खूण ताप हीच असते. म्हणजे एकच खूण तुझ्या दोन औषधांपैकी एकाची शाबासकी असेल किंवा दुसऱ्याची धोक्याची घंटा. थर्मामीटरला आकडा कळतो, कारण कळत नाही. ते शोधायला रक्त तपासावे लागते, आणि तपासणाऱ्याला सगळे ठाऊक असावे लागते. अंगात कणकण आली, तर खूण मानून बसू नकोस, इस्पितळ गाठ. मेहुण्यांना हे पत्र वाचून दाखव.

उत्तराची वाट पाहते.

अक्का

२४ ऑगस्ट, सोमवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अक्षर तिरके येते आहे, रागावू नकोस. गेल्या आठवड्यात केमोची फेरी झाली. काल फोनवर आपण शेजारच्या कुत्र्याविषयी बोललो, तेव्हा माझ्या अंगात ताप होता. बोलले नाही. ताप हा आपल्या वादाचा विषय, आणि वाद फोनवर काढायचा नाही. तूही विचारले नाहीस. बाबा असते तर खूश झाले असते.

परवाच इंजेक्शन घेतले होते, म्हणजे खूण आली, असे मी धरून चालले आहे. तुझे पत्र यांना वाचून दाखवायचे राहिले, हे धास्तावतात. आता पांघरूण घेऊनही थंडी वाजते आहे. शिकंज्यातले पुस्तक तसेच राहिले. हे पत्र टाकायला देते आणि जरा पडते.

लोभ ठेव.

भिंगरी

१ सप्टेंबर, इस्पितळ

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आज बसून लिहिता येते आहे.

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला, तेव्हा हे म्हणाले की आवाज अक्कांचा आहे पण अक्कांचा वाटत नाही. मला धड आठवते ते एवढेच: वाद कागदावर लिही, असे मी ग्लानीतही तुला म्हटले, आणि तू म्हणालीस की मी हरले, तू जिंकलीस, आता ऊठ आणि गाडीत बस. यांनी मला जवळजवळ उचलूनच नेले.

पेशी तळाला गेल्या होत्या; रक्तात संसर्ग निघाला. आणखी एक रात्र घरी काढली असती तर, एवढे बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. मग मी त्यांना अर्काचे सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. अर्काचे नाव विचारले, टिपून घेतले, पोटावरचे चकंदळ पाहिले. पेशी वर येईपर्यंत बंद, मग अर्कवाल्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलतील आणि ठरवताना मी समोर असेन, असे त्यांनी सांगितले. मी हे आधीच विचारू शकले असते, ते तू लिहू नकोस, मी लिहिले.

आता तुझ्या हरण्याविषयी. ती कबुली तू घाबरून दिलीस, म्हणून मी ती स्वीकारत नाही.

तुझी,
भिंगरी

४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझा आक्षेप बरोबर आहे. कबुली घाबरून दिली होती. तरी ती परत घेत नाही.

त्या रविवारी फोनवर तुझा आवाज जड आहे, हे मला कळले होते. विषय निघेल आणि नियम मोडेल, म्हणून मी कुत्र्याची चौकशी केली. तो आवाज दोन दिवस कानातून जाईना, म्हणून मंगळवारी तुझ्या पत्राची वाट न पाहता फोन केला. नियम बाबांनी घरात शांतता राहावी म्हणून केला होता. तुझ्या तापावर पांघरूण घालायला नव्हे. आजपासून तो रद्द.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. समोरासमोर भांडण्याची आपल्याला सवय नाही. आता शिकावी लागेल. शिकंज्यातले पुस्तक काढू नकोस, मी आल्यावर सुईत दोरा मी ओवीन.

भेटीपर्यंत लोभ सांभाळ.

अक्का