तळ्याकाठी एक वीटही नको

मी, संघमित्रा अंबादास वाघमारे, वय एकाहत्तर, निवृत्त पी.टी. शिक्षिका, राहणार बोरीवली (पूर्व), माझ्या मालमत्तेची व्यवस्था या लेखाने लावून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे. माझ्यावर कुणी दडपण आणलं असेल अशी शंका ज्याला येईल, त्याने माझ्या जुन्या विद्यार्थिनींना विचारावं.

१. मी अविवाहित आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित कमाईचा असून त्यावर कुणाचा बोजा नाही. तो भाऊ विशाल याची मुलगी शीतल हिला मिळावा. या लेखाची अंमलबजावणीही तिनेच करावी. मी नोकरीला लागले तेव्हा विशाल म्हणाला होता, "बाईमाणसाने शिट्टी वाजवत फिरायचं?" ती शिट्टी त्याला द्यावी.

२. बँकेतील ठेवी उद्यानातल्या स्वच्छतागृहांची निगा राखणाऱ्या महिला मंडळाला द्याव्यात. उद्या कुणी हसायला नको, म्हणून यामागची हकिकत लिहिते.

आमच्या सोसायटीमागच्या जंगलात लोकांसाठी उद्यान आहे. शाळेच्या मुलींची सहल मी तिथल्या तळ्यावर नेत असे. वाटेत कुठेही संडास नव्हता. एकदा सातवीतली अक्षता झुडपामागे गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. "बाई, तिथे बिबट्या बसलाय!" लहान मुलींना मधे घेऊन, मोठमोठ्याने पाढे म्हणत आम्ही मागे फिरलो. बिबट्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी उद्यानाच्या कार्यालयात तळ्याकाठी स्वच्छतागृह मागणारा अर्ज दिला.

त्याला हरकत घेतली तळमजल्यावरच्या देवव्रत खानोलकर याने. हा सुट्टीच्या दिवशी जंगलात स्वयंसेवक म्हणून फिरायचा. मी अर्जाला सोसायटीचा पाठिंबा मागितला, तेव्हा भर सभेत उठून म्हणाला, "आडनावच वाघमारे. ह्या काय जंगल राखणार?"

मी म्हटलं, "तुम्हाला झाडामागे उभं राहता येतं, म्हणून तोंड चालतंय."

सभा तिथेच मोडली. पुढे जिन्यात भेटलो, तरी आम्ही भिंतीकडे बघून जायचो.

मग उन्हाळ्यात एका सकाळी त्याने माझी बेल वाजवली. "चला बाई, तुमका दाखवतंय." तळ्यापासून लांब, एका दगडाआड त्याने मला बसवलं. थोड्या वेळाने चितळं पाडसांसकट पाण्यावर उतरली, नेमकी मी बांधकाम मागत होते त्याच उतारावरून. जंगलात दुसरीकडे पाणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

पण पुढच्या सहलीला मी त्यालाच ओढून नेलं आणि मुलींच्या आडोशाला चादर धरून, तोंड फिरवून उभं राहायचं काम दिलं. परतताना म्हणाला, "संडास होयोच गो. पण तळ्यार नको."

नवा अर्ज दोघांच्या सहीने गेला. एक स्वच्छतागृह गेटाजवळ झालं, दुसरं वाटेवरच्या पडक्या चौकीच्या जागी, म्हणजे एकही झाड पडलं नाही. उन्हाळ्यात तळ्याची वाट बंद ठेवायचंही ठरलं. उद्घाटनाला पाहुणे फीत कापेपर्यंत अक्षता थांबलीच नाही. "पहिला नंबर माझा!" म्हणत आत पळाली.

३. सदर ठेवींतून तळ्याकाठी एक वीटही रचू नये. कॅफे नको, सेल्फी पॉइंट नको, माझ्या नावाचं बाकही नको.

४. देवव्रतचे गुडघे आता चढ चढू देत नाहीत. त्याच्या खिडकीतून नुसतं पार्किंग दिसतं, माझ्या गॅलरीतून अख्खं जंगल. सबब, फ्लॅट शीतलचा झाल्यावरही देवव्रतला हयातभर रोज सकाळी लिफ्टने वर येऊन गॅलरीत बसू द्यावं व चहा द्यावा. साखर मागितली तरी देऊ नये, त्याला डायबेटिस आहे.

साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावलं होतं. पण वकील मीरा म्हणाली, "मावशी, ज्यांना काही मिळतंय त्यांची साक्ष नको."

मी विचारलं, "बोल रे, सही की गॅलरी?"

त्याने पेनाला टोपण लावलं. "गॅलरी. पण त्याच्यासाठी तुझ्या मरणाची वाट कित्याक बघूची? उद्यापासूनच येतंय."

मीरा म्हणते, मृत्युपत्रात असं करता येत नाही. तरीही लिहून ठेवते: कलम चार उद्या सकाळपासून लागू.

ठिकाण: बोरीवली (पूर्व)
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: संघमित्रा अंबादास वाघमारे

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, हसत हसत सही केली:
१. माधुरी दोशी, शेजारीण
२. सुयोग परब, सोसायटीचे सचिव