बॅटऱ्या फुगल्या नव्हत्या

नाशिक,
३ फेब्रुवारी

चि. आभा,

अनेक आशीर्वाद. मोहिनीमावशीची सून तिकडे परत निघालीय, तिच्याबरोबर मेतकूट, भाजणी आणि हे पत्र देते आहे. मेतकूट लगेच बरणीत काढून ठेव, नाहीतर वास उडतो. रोज फोन होतो तर पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन स्पीकरवर असतो गं, आणि बाबा शेजारीच बसलेले असतात.

इथे सकाळी अजून स्वेटर लागतो. समोरच्या बंगल्याच्या जागी इमारत उठतेय, दिवसभर खडखडाट. बाबांचा कंपवात आता डाव्या हातातही उतरलाय. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तिने झोप येते, थरथर थांबत नाही. शर्टाची बटणं मीच लावते. त्या वेळी ते खिडकीबाहेर बघत राहतात.

बोटींचं कामही आता माझ्याच हातांनी होतं. तू हसशील. तीस वर्षं मी बाबांच्या या रिमोटवरच्या बोटींना नावं ठेवली, आणि आता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्रोपेलर घासत बसते. बाबा खुर्चीत बसून सांगतात. तारेसारख्या बारीक दांडीत प्रोपेलर ओवायचा, दांडी दोन पट्ट्यांवर आडवी ठेवायची. जे पातं जड ते आपोआप खाली येतं. मग त्याला पॉलिश पेपर लावायचा.

"मागच्या बाजूने घास, उत्तरा. पुढून घासलंस तर आकार जातो."

"किती घासू?"

"माशीच्या पंखाएवढं."

मी घासते, पुन्हा ओवते, पुन्हा तेच पातं खाली. ते चिडत नाहीत. पूर्वी चिडायचे. पातं आडवं स्थिर राहिलं की त्यांचा चेहरा मिनिटभर मोकळा होतो, म्हणून मी रोज बसते.

बॅटऱ्यांचंही शिकले. पाण्यातून आल्यावर त्या पूर्ण भरून ठेवायच्या नाहीत, पूर्ण रिकाम्याही नाहीत, निम्म्यावर ठेवायच्या. चार्जिंग गच्चीत, मातीच्या कुंडीत ठेवून, आणि तिथून हलायचं नाही. बोटांनी दाबून बघायचं. जरा जरी फुगून उशीसारखी लागली तरी ती बाद. मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे तिचा जीव जातो. हे शब्द बाबांचे.

मागे तुला सांगितलं की बाबांना सर्दी झालीय. सर्दी होतीच, पण ती तळ्यात पडल्यामुळे. पाय घसरला. आता बरे आहेत, छातीचा फोटो स्वच्छ आला.

सोमनाथभाऊ तुला आठवतात ना? ओझरच्या कारखान्यात बाबांच्या हाताखाली होते, आता पिंपळगावला द्राक्षबाग बघतात. त्यांच्या शेततळ्यावर आम्ही महिन्यातून एखादा रविवार बोट घेऊन जातो. बाबा रिमोट माझ्या हातात देतात आणि मागून सांगतात, डावीकडे, सोड, आता दे. त्या दिवशी ऊन छान होतं. लंकाबाई, म्हणजे सोमनाथभाऊंची बायको, बागेतून माल काढून घेत होत्या. बोट दोन फेऱ्या छान मारून आली आणि मध्यावर जाऊन थांबली. प्रोपेलरला शेवाळ गुंडाळलं होतं. मोटर नुसती गुरगुरत होती.

"थांब, बघतो," असं म्हणून बाबा काठाकडे गेले. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, ओला झाला की साबणासारखा. सोमनाथभाऊ दरवेळी बजावायचे, "साहेब, कडंला जाऊ नका. आत गेलेला मानूस वर चढत नाय."

मी वळले तोवर बाबा पाण्यात होते.

आभा, मी काय केलं सांगू? मी रिमोटची दांडी पुढे ढकलत राहिले. बोट त्यांच्याकडे जावी म्हणून. हातभर लांबीची ती बोट, ती काय करणार होती, आणि हलतही नव्हती. मला पोहता येत नाही. माझ्या तोंडून आवाजही फुटला नाही. लंकाबाईंनीच बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

सोमनाथभाऊंनी काठाच्या खांबाला बांधलेला दोर फेकला. तो बाबांच्या छातीशी जाऊन पडला. "साहेब, दोर धरा! दोर धरा!" बाबांनी दोराकडे बघितलं. धरला नाही. मग सोमनाथभाऊ स्वतःच्या कमरेला दोर बांधून उतरले, आणि आम्ही दोघींनी ओढलं.

घरी आल्यावर रिमोटची पिशवी उघडली. आत बाबांचा चष्मा होता, डबीत नीट ठेवलेला. चष्म्याशिवाय त्यांना मध्यावरची बोट दिसत नाही. काय बघायला ते काठाशी गेले?

हे मी कोणाला बोलले नाही. सोमनाथभाऊंना पाय घसरला हेच सांगितलं, डॉक्टरांनाही तेच. फक्त बाबांना विचारलं, दुसऱ्या दिवशी चहा पाजताना.

"दोर दिसला नव्हता का?"

"दिसला."

"मग?"

"माझ्या हातांचं मी काय सांगू, उत्तरा?"

हे उत्तर मी रोज उलटसुलट करून बघते. हाताने ऐकलं नाही, की हाताला सांगितलंच नाही? पुन्हा विचारायचं धैर्य होत नाही. ते खरं बोलले तर मी काय करणार आहे?

परवा त्यांनीच विषय काढला. "रविवारी जाऊ या का तळ्यावर? बॅटऱ्या भरून ठेव." अगदी सहज. नको म्हणावं, तर त्यांच्याकडे उरलेलं एवढंच काढून घ्यायचं. हो म्हणावं, तर मी पुन्हा त्याच काठावर उभी. दुपारी ते झोपल्यावर मी दोन्ही बॅटऱ्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. चांगल्या होत्या. संध्याकाळी सांगितलं, फुगल्या होत्या, टाकून दिल्या.

ते म्हणाले, "आण बघू."

मी बादलीतून काढून आणल्या. त्यांनी दोन्ही मांडीवर घेतल्या आणि थरथरत्या अंगठ्याने चाचपल्या. पाटीसारख्या सपाट होत्या गं. आयुष्यभर बॅटऱ्या हाताळलेला माणूस. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फुगल्याच आहेत," बाबा म्हणाले. "बरं केलंस."

आणि पदराला हात पुसायला लागले, माझ्याच पदराला.

तेव्हापासून त्यांनी तळ्याचं नाव काढलेलं नाही. नवीन बॅटऱ्या मागवू का, विचारलं, तर म्हणाले, राहू दे. जेवतात, गोळ्या घेतात, आंघोळीला नेलं की येतात. मी म्हणेन ते सगळं करतात. मी घरातल्या खिडक्यांच्या कड्या तपासत फिरते. डॉक्टरांना सगळं सांगायला हवं, हे कळतं मला. उद्या जाईन म्हणते. पण तिथेही बाबा शेजारीच असणार, आणि त्यांच्यासमोर माझ्या तोंडून हे निघणार नाही.

दरवेळी फोनच्या शेवटी मी म्हणते, तुझी नोकरी नवीन आहे, घाई करून येऊ नकोस. आज ते लिहीत नाही.

तुझी,
आई