चारित्र्य प्रमाणपत्रातल्या एका ‘होय’बाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
चारित्र्य पडताळणी विभाग,
जिल्हा पोलीस कार्यालय.

विषय: माळीकामाच्या नोकरीसाठी मिळालेल्या चारित्र्य प्रमाणपत्रात ‘होय’पुढे एक ओळ लिहून मिळण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

अर्जदार देवानंद नत्थुजी उमाळे, राहणार बाळापूर, हा पिढीजात फूलशेती करणारा इसम आहे. अमरावतीच्या एका शाळेने त्यास बागेचा माळी म्हणून पसंत केले. सोबत राहायला खोली आहे. त्याची मुलगी प्रणाली अमरावतीतच राजापेठेत एकटी राहून बारावी करीत आहे, तेव्हा सारे घर एका जागी येणार होते. परंतु प्रमाणपत्रात ‘गुन्ह्यात शिक्षा: होय’ असे छापून आले आणि शाळेने तोंड फिरवले.

शिक्षा झाली, हे अर्जदार नाकारीत नाही. २०१७ च्या दसऱ्याला सकाळी तो गाडीत झेंडू भरून, स्वतः चालवीत अकोल्याच्या बाजाराकडे निघाला असता नाकाबंदीत श्वास तपासण्याचे यंत्र वाजले. आदल्या संध्याकाळी मेव्हणा कुलदीप याच्या घरी तो प्याला होता, हे खरे. रक्त तपासून घ्यायचे तर डॉक्टर येईपर्यंत गाडी तिथेच अडकून दुपार झाली असती, आणि दसऱ्याच्या झेंडूला दुपारनंतर कुत्रे विचारत नाही. म्हणून अर्जदार म्हणाला, "लिवा साहेब, पेलो मनून. फुलं वाया जाऊन राहिले." गाडी सोबतच्या धाकट्या भावाने पुढे नेली, फुले विकली गेली. कोर्टातही अर्जदाराने तेच कबूल करून दंड भरला. त्या सकाळी त्याच्या रक्तात काय होते, हे आजही कोणास ठाऊक नाही, खुद्द अर्जदारासही नाही.

त्या दिवसापासून दारू बंद आहे आणि बागेत गाडी चालवायची नाही, असे अर्जदाराने शाळेच्या व्यवस्थापकांस सांगितले. ते म्हणाले, "माती वाहाची हातगाडी हाये ना. तिलेही चाक हाये." अर्जदाराने घमेल्याने माती वाहण्याची लेखी हमी दिली. मग ते म्हणाले, "होय कायचा हाये, ते पोलिसाईकडून लिहून आना." आपल्या खिडकीवर सांगण्यात आले की रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच बसते. म्हणजे प्यालेल्या ड्रायव्हरला आणि खुन्याला एकच ‘होय’. हेलपाटे घालून अर्जदाराचे डोके फिरायची वेळ आली आहे.

पत्नी सौ. रागिणी रोज विचारते, "तवा फुलाईचा इचार केला, आमचा काहून नाई केला?" म्हणून हा आणखी एक अर्ज.

नोंद पुसा, अशी मागणी नाही. गुन्हा कोणता, कोणत्या वर्षीचा आणि त्यानंतर एकही नाही, एवढेच लिहावे. शाळा दसऱ्यापर्यंतच थांबणार आहे.

ता. क. शस्त्रपूजेसाठी आपल्या कार्यालयाकडून झेंडूच्या हारांची मागणी यंदाही अर्जदाराकडेच आली आहे. त्यासाठी त्याचे चारित्र्य कोणी विचारलेले नाही. हार वेळेवर पोहोचतील.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,
देवानंद नत्थुजी उमाळे
बाळापूर, १५ सप्टेंबर २०२५

सोबत: प्रमाणपत्राची प्रत, दंडाची पावती, घमेल्याबाबतचे हमीपत्र.