सगळे डावेच बूट

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक, मी सोडून.

तुझे भाऊजी लष्कराच्या खरेदी कचेरीतून निवृत्त झाले आणि माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. काल डाळ आणली, तर ताटात पसरून खडे शोधत बसले आणि नमुना नापास म्हणून दुकानात परत करून आले. जेवायला काय, ते अजून विचाराधीन आहे.

तू त्याच कचेरीवर विनोदी सिनेमा काढतोयस म्हणे. साहेबलोक सह्यांवर सह्या करून बूट मागवतात आणि पोती उघडली तर सगळे डावे. मला हसू आलं, पण यांच्यासमोर दाबलं. खरंच तसं झालं होतं एकदा, आणि सगळ्यांत खालची सही यांची, म्हणून बोल यांनाच लागला.

तेव्हा बाहेरून कानावर जायच्या आत तूच त्यांना बोलावून घे. सामानसुमान आणायला ठेव आणि नीट समजावून सांग. ते दुखावले तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव म्हणून मागे लागणार नाही.
तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

भाऊजी आले आणि शिस्त आली. चहाच्या किटलीसाठी तीन दुकानांतून भाव मागवलेत. चहा अजून नाही. पण स्वारी खूश आहे.

बुटांच्या प्रसंगाचं मात्र सांगायचा धीर झाला नाही. तो प्रसंग घ्यायला गोदाम आपल्याला एकच दिवस मिळालंय, दहा मार्च. तो हुकला तर सिनेमाला शेवटच नाही. सगळे डावे बूट मी कारखान्यातून परस्पर मागवलेत. त्या दिवशी त्यांना किटलीच्या मागे पाठवतो. काळजी नसावी.

तुझा धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद नंतर.

अक्कल गहाण टाकलीस का? त्या प्रकरणापासून हा माणूस बंद पोतं दिसलं की सोडून बघतो. माझी माहेरून आलेली पेटीसुद्धा सुटली नाही. आजच्या आज सांग.

ताई

१२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र उशिरा मिळालं. नऊ तारखेला संध्याकाळी पोती आली, ती भाऊजींनी सोडली. बघतात तर सगळे डावे. कारखान्यात जाऊन त्यांनी तिथल्या माणसाला झापलं आणि सगळा माल बदलून आणला. माझी फजिती होऊ नये म्हणून मला चकार शब्द बोलले नाहीत.

सकाळी कॅमेरा चालू, पोती ओतली, तर डावा-उजवा नीट जोड्या. तेवढ्यात भाऊजी कागद घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आले आणि विचारू लागले की माल बरोबर आलाय, ताब्यात कोण घेतो. साहेब झालेले नट दचकले, एकेक पाऊल मागे सरकले आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. आम्ही हसून लोळलो. तोच शेवट ठेवला.

मग मी सगळं खरं सांगितलं. ते पोत्यावर बसले आणि एवढंच विचारलं की सदरा चुरगळलेला तर दिसला नाही ना.

तुझा धाकटा

२० ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सिनेमा बघितला. हे पडद्यावर आले आणि सगळं थिएटर हसलं. मी यांचा हात घट्ट धरून ठेवला, उठून गेले तर काय करायचं. पण हेच हसायला लागले. शेवटी नावं आली, त्यात यांचं सगळ्यांत खाली. मी तुझ्या नावाने बोटं मोडणार, तर हे म्हणाले की खालीच असू दे, या वेळी खालच्याला बोल नाही लागला.

आज डाळ न तपासता शिजवू दिली. खडा निघाला, यांच्याच दाताखाली. तो बाजूला काढून ठेवला आणि म्हणाले की माल चालेल.

आता येऊन जा. दार उघडंच आहे.
तुझी ताई