काविळीच्या वहीतलं कात्रण

डॉक्टर, परवा रोह्यात तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी मधुमेहावरच्या चार नव्या लेखांचा आढावा वाचला. चारांतला एकच आपल्या भात खाणाऱ्या माणसांना लागू पडतो, असं कारणांसकट सांगितलं. एका तरुण डॉक्टरने विचारलं, "तुमचं शिक्षण कुठे झालं?" म्हटलं, "पेणला. दवाखान्यात." मॅट्रिक नापास कंपाउंडरला शब्दकोश देऊन वैद्यकीय मासिकं वाचायला तुम्हीच बसवलंत. लेखाच्या निष्कर्षावर तुम्ही कोरी चिठ्ठी ठेवायचात. "आधी किती माणसं तपासली ते बघ. कुठली, काय खाणारी, किती दिवस पाहिली. निकाल शेवटी. निकाल आधी वाचला की माणूस वकील होतो." मग मी अंदाज सांगायचा आणि तुम्ही चिठ्ठी उचलायचात. बरोबर आला की "वा, प्रोफेसर!" चुकला तरी "वा, प्रोफेसर!", फक्त सूर वेगळा.

लेख कापून चिकटवणं माझ्याकडे होतं. ताप, खोकला, जुलाब, कावीळ, मधुमेह अशा पाच वह्या. खळ गव्हाच्या पिठाची, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे झुरळं लागत नाहीत. माझ्या वह्यांत काही सापडलं नाही असं होत नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचो.

त्या वर्षीचा पावसाळा अजून समोर दिसतो: भातलावणीचे दिवस आहेत. गडब गावची एक बाई दवाखान्यात बाकावर बसली आहे, डोळे लाल, सोबत जाऊ. "चार दिस ताप हाय डाक्टर. पोटऱ्या दुखतान, पाय टाकवत नाय." जाऊ म्हणते, "लावणी आली का हिच्या पोटऱ्या दुखतान. दरसाली हाय गो तुझं!" बाकावरचे बाकीचे हसतात, तुम्ही हसत नाही. रक्ताची काच मी दोनदा पाहतो. मलेरिया दिसत नाही. तुम्ही म्हणता, "चिखलात काम करणारी माणसं, पोटऱ्या दुखणारा ताप. वाचलंय रे मी कुठेतरी. तूच कापलं होतंस. तापाची वही काढ." तुम्ही पानन् पान उलटता. नाही. "वहीत नाही म्हणजे नसेलच ते," मी म्हणतो, आणि ठासून म्हणतो.

काच कधी फसवते, म्हणून तुम्ही मलेरियाच्या गोळ्या दिल्यात. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडून आली, लघवी बंद. मुंबईला धाडावी लागली. महिन्याने वाचून परतली, काठी टेकत. तिच्या नवऱ्याला तुम्ही सरळ सांगितलंत, "मला ओळखता आलं नाही." मला म्हणालात, "वय झालं. न वाचलेलं वाचल्यासारखं वाटायला लागलंय." पुढल्या वर्षी मासिकं बंद केलीत आणि पाचही वह्या माझ्या हाती दिल्यात. "आता तू वाच."

तिला मुंबईला नेलं त्याच दुपारी मी काविळीची वही उघडली होती. सापडलं. भातखाचरातलं उंदरांच्या मुताने बाटलेलं पाणी, लाल डोळे, पोटऱ्यांचं दुखणं, वेळेवर पेनिसिलिन दिलं तर उतार, सगळं होतं. मथळ्यात कावीळ हा शब्द दिसला, तेवढ्यावर मी पुढचं न वाचता चिकटवून टाकलं होतं. वही मिटली आणि जागेवर ठेवली.

आता या तापाला लेप्टो म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी हल्ली प्रत्येक लेखाच्या नकला काढतो आणि जितकी लक्षणं तितक्या फायलींत लावतो. परवा त्या तरुण डॉक्टरने विचारलं, ही पद्धत कशी सुचली? म्हटलं, "अनुभव."

त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात. दर गणपतीत मी तुमच्याकडे येत होतो. मासिकांचा विषय काढला की तुम्ही हात हलवायचात, "आपल्याला नाय आता जमत," आणि मी मोदक खात बसायचो. आता हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? पण लिहून ठेवतो. तुम्ही तो लेख वाचला होतात, डॉक्टर. तुमची आठवण शाबूत होती.